पखालींचा हिशेब

तोफेला तहान लागते,
हे मला त्या वैशाखात कळलं.
तोवर तहान मी माणसांच्याच नावावर मांडत होतो.

बुरुजावर माझं काम नव्हतं.
देवडीलगतच्या खोलीत
बोरू, दऊत, वाळूची डबी
आणि घामानं कागदाला चिकटणारं मनगट.
गोळे किती, दारू किती, ज्वारी किती खंडी,
तीन महिने पगार न मिळालेले अरब किती.
मोडीत सगळंच वळणदार दिसतं,
थकलेलं देणंसुद्धा.

लाडजी पखालजी पहाटे तळ्यात उतरायचा,
सिद्धेश्वराकडे बघून कानाला हात लावायचा,
मग रेड्याच्या दोन्ही अंगांना पाणी चढायचं.
वर बुरुजावर गोलंदाज वाट बघत.
ओला बोळा नळीत सारला की आतून जो आवाज येई,
तापल्या तव्यावर हात झटकावा तसा,
तो खाली माझ्यापर्यंत ऐकू यायचा.
मी रेघ ओढायचो. एक पखाल.
पुन्हा आवाज. पुन्हा रेघ.

पेठ पडली त्या दिवशी
धूर सरळ वर गेला, वारा म्हणून नव्हताच.
तटाबाहेरची आपली फौज सीनेकडे वळली.
तिच्यामागे घोडी सुटली.
संध्याकाळी त्या वाटेनं कुणी परत आलं नाही,
एक मोकळा उंट तेवढा आला,
पाठीवर कुणाचीतरी अंथरूण-वळकटी घेऊन.
तो कुठल्या सदरात मांडायचा
मला ठरवता येईना.

रात्री खंदकापलीकडून टोपीकरांचे शिपाई बोलत.
तेलंगी. कानडी. शिव्या तर आमच्याच मंगळवार बाजारातल्या.
लाडजीनं एकदा तटावरून तितकीच जुनी शिवी परत दिली.
पलीकडे कुणीतरी हसलं.
सकाळी तिथूनच गोळा आला
आणि रेडा गेला.

मी लिहिलं : रेडा एक, ठार.
लाडजी म्हणाला, "नाव लिहा की. मल्ल्या."
मी लिहिलं नाही. जनावरांच्या रकान्यात नावाला जागा नसते.
त्यानंतर चार दिवस त्यानं पाणी स्वतःच्या पाठीवर आणलं.

मग तटाला खिंडार पडलं,
दगड खंदकात घरंगळले, बेडूक गप्प झाले,
आणि जमादार सालिम, ज्यानं आयुष्यात
माझ्याकडं पगाराशिवाय काही मागितलं नव्हतं,
पांढरं फडकं मागायला आला.
माझंच उपरणं दिलं.

कौल ठरला. आपापली चीजवस्तू घेऊन निघा.
अरब निघाले : हंडे, कट्यारी, एकाच्या खांद्यावर पिंजऱ्यात तितर.
निशाण उतरलं होतं.
दुसरं अजून दोरीला बांधत होते,
गाठ सुटत होती, कुणीतरी हाताखालच्यावर ओरडत होतं.

तेवढ्यात लाडजी पाण्यानं भरलेली पखाल घेऊन वर चढला.
कुणी सांगितलं नव्हतं.
मोकळ्या बुरुजावर त्या मुक्या तोफेवर त्यानं ती ओतली,
मानेपासून कान्यापर्यंत, हात फिरवत,
जसा तो मल्ल्याला धुवायचा.
वाफ निघाली.
अजून तापलेली होती.

दुसऱ्या दिवशी नव्या साहेबाचा मुनशी माझी वही उलटत बसला.
"पखाली एकशे अठरा, दर दोन पैसे, देणे बाकी.
कोणाकडून?"
म्हटलं, एकशे सतरा जुन्या सरकारकडून.
"जुनं सरकार आता पत्त्यावर नाही.
आणि ही शेवटची?"

मी लाडजीकडे बघितलं.
तो उंबऱ्याशी उकिडवा, खांद्यावरचं सालपट खाजवत.
ही शेवटची पखाल चढली तेव्हा
एक निशाण खाली होतं आणि दुसरं दोरीत अडकलेलं.

"तळ्याच्या नावे लिहा," तो म्हणाला,
"पाणी त्याचं गेलं."

मुनशी हसला. मीही, थोडं, नोकरी टिकावी म्हणून.
तसं खातं आमच्या वहीत नव्हतं.
मी ओल्या शाईवर वाळू टाकली,
कागद झटकला.