हातचा एक

अहवाल आज रात्री बारापर्यंत.
रात्र त्यांची, वॉशिंग्टनची.
आम्ही लुता बेटावर चौदा तास पुढे,
म्हणजे मला उद्या दुपारी दोनपर्यंत उसंत,
आणि तरी मला उशीर झालाच आहे.

चपलांच्या खोक्यात पावत्या:
पेट्रोल, नायलॉनचा दोर, टूथब्रश नग चाळीस.
टूथब्रशांवर गेल्या खेपेला हरकत आली होती,
कर्मचाऱ्यांची वैयक्तिक स्वच्छता अनुदानात बसत नाही.
मी लिहिलं, मॅडम, दात आमचे नव्हेत.
पाण्याखाली प्रवाळाची रोपवाटिका आहे,
तिच्या बिल्ल्यांवर शेवाळ धरतं, ते घासायला.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं: मान्य.
शेवाळ काही तेवढे दिवस थांबलं नव्हतं.

एका पावतीवर सुपारीचा लाल डाग.
ती तुन एलुतेरियोची. होडीही त्याचीच.
त्याचा वेळ ताशी दराने 'स्थानिक वाटा' म्हणून दाखवायचा,
पण होडी सोडण्याआधी तासभर तो
किनाऱ्यावर नुसता उभा असतो,
पाणी कुठे वळतंय ते बघत, तोंडातली सुपारी घोळवत.
हा तास कोणत्या शीर्षाखाली टाकू, विचारलं.
म्हणाला, टाकूच नकोस,
तो माझ्या बापाचा आहे,
मी नुसता वापरतो.

रकाना सात. लावलेली रोपं: बाराशे.
रकाना आठ. जिवंत: तीनशे दहा.
रकाना नऊ. तफावतीचं कारण, दोनशे अक्षरांत,
मोकळ्या जागा धरून.

मोकळ्या जागा धरून!

लिहिते: पाणी सात आठवडे तापलेलं राहिलं.
खरं आहे, आणि मावतंही.
पण ऑगस्टमध्ये खाली उतरलो तेव्हा
सगळी बाग पांढरीशुभ्र उभी होती,
इतकी देखणी, की जेरिकाने कॅमेरा खाली केला,
कुणी कपडे बदलताना दार उघडलं जावं तसा.
पाण्याखाली रडता येत नाही असं नाही,
काच आतून भरते, एवढंच.
इथवर आल्यावर चौकट लाल होते.
पुसते. परत पाणी, परत सात आठवडे.

राहिला तो चौदाव्या दोरावरचा बिल्ला.
काल शेवटच्या मोजणीला मी त्यावर ब्रश टेकवला
आणि हात थांबला.
शेवाळ नव्हतं ते.
नखाएवढं, तपकिरी, खरखरीत,
दोरावरून उतरून पत्र्यावर पसरलेलं.
आधी आर्थिक वर्ष गिळलंन्,
मग खात्याचं नाव,
मग अनुदान क्रमांकातली शून्यं एकेक करून.
सात आठवड्यांच्या त्या काहिलीत
हे बसून सरकार खात होतं.

नियम असा, की क्रमांक वाचता आला पाहिजे.
पर्याय तीन: जिवंत, मृत, गहाळ.
खरवडलं तर क्रमांक दिसेल,
मग जिवंत म्हणून नोंदवता येईल
जे खरवडताना मेलं ते.

जेरिकाने पाटीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
मी मान हलवली.
ब्रश पट्ट्यात खोचला आणि वर आले.

जिवंत तीनशे दहा, मृत आठशे एकोणनव्वद, गहाळ एक.
ताळा जुळतो.
शाळेत सिस्टर बेनिल्दा बेरीज शिकवायच्या
तेव्हा हातचा विसरू नये म्हणून
करंगळी दुमडून ठेवायला लावायच्या.
उत्तर लिहून होईपर्यंत उघडायची नाही.

पाठवला. दोनला अकरा मिनिटं कमी.
दारात तुन एलुतेरियो, पायाला ओली वाळू.
किती राहिली?
तीनशे दहा, मी म्हटलं.
त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, बोलला नाही काही.

तेवढ्यात यंत्राचं उत्तर आलं, आपसूक, नम्र:
एक बिल्ला गहाळ दिसतो, किंमत चाळीस सेंट.
तीस दिवसांत खुलासा करावा.

तीस दिवस.
तोवर कडेचं भोकही
बुजेल बहुतेक.