तिसरी घंटा

काखेत आता एक दोरी आहे.
कुणी शिवलेली नाही, आपोआप ताठलेली,
कोपरापर्यंत कातडीखाली उमटते.
नर्स म्हणाली, होतं असं. रोज भिंतीवर बोटं चढवा.
चढवते. चहाच्या डब्याच्या फळीपाशी खांदा अडतो.

सेंट ऑसिथच्या मनोऱ्यातली माझी दोरी
नोव्हेंबरपासून खुंटीला.
एकतीस वर्षं तिसरी घंटा माझी.
रविवारी बाकीचे पाच वाजवतात,
माझ्या जागी कुणाला उभं करत नाहीत,
तेवढं गप्प सोडतात:
एक, दोन,         चार.
भांडी विसळताना मला ते स्वच्छ ऐकू येतं.

काल गेले. चौतीस पायऱ्या;
पाय माझेच आहेत अजून.
"हात वर केलेस की काय, हेस्टर?" म्हातारा एनॉक.
म्हटलं, तेच तर जमत नाही.

मग एल्विन, मीच शिकवलेला पोरगा,
काही न बोलता समोर येऊन उभा राहिला.
लोकरीचा गोंडा माझ्याकडे, हनुवटीच्या उंचीला.
शेपूट त्याच्याकडे, ते डोक्यावरून जातं.
नवशिक्यांना असंच देतात, अर्धं अर्धं.

मी ओढला, सोडला. त्याने झेललं.
वर अंधारात साडेचारशे किलो कूस वळले

आणि तीन,
जरा उशिरा.