यजमानपदाचा अर्ज

मी दूध संस्थेचा लेखनिक. हात फॅट लिहिण्याचा,
म्हणून अर्ज माझ्याकडं आला.
राज्य कुमारी कुस्ती स्पर्धा, तीन दिवस,
चारशे मुली, चाळीस पंच,
शेवटची तारीख सोमवार.

तालमीचं नाव लिहिलं. स्थापना?
"प्लेगाच्या साली," वस्ताद तातोबा म्हणाले.
साल सांगा की, वस्ताद.
"प्लेगाच्याच. त्येला काय आकडा असतोय?"
दस्तगीरनं ओल्या फडक्यानं तालमीचा खांब पुसला,
कुठं तारीख कोरलेली सापडंल म्हणून.
निघाल्या त्या रेघा,
पोरांच्या उंचीच्या, एकीवर एक.
सगळ्यात खालची वस्तादांची.

प्रेक्षकक्षमता: माळाचा उतार
आणि लिंबाची दोन झाडं.
मी लिहिलं, सात हजार.
मैदान: तांबडी माती. तीत ताक, हळद, तेल, लिंबू,
ओळीत जागा उरली म्हणून कापूरही लिहिला.
खाली बारीक अक्षरात होतं, मॅट अनिवार्य.
ते मी वस्तादांना वाचून दाखवलं नाही.

मग रकाना अकरावा. निवास.
एका वेळी किती माणसं, किती रात्री,
आणि पूर्वानुभव, पुराव्यासह.

आमच्यात लॉज नाही.
पण महापुराच्या साली पाडळवाडी पाण्यात गेली तेव्हा
सहाशे बारा माणसं होती
शाळेत, तालमीत, बाळगोंडाच्या गुऱ्हाळात,
नऊ रात्री. म्हशी वेगळ्या.
हौद्यातल्या मातीवर ताडपत्री अंथरून
एक अवघडलेली बाई निजवली होती.
त्याआधी तालमीचा उंबरा बाईनं ओलांडला नव्हता.
पाणी उतरल्यावर शिवकन्या आली लांग बांधून,
मग तिच्या मागं अकराजणी.
कुणी काही बोललं नाही.
त्या नऊ रात्रींचं लिहूनही कुणी ठेवलं नाही.
लिहितंय कोण, पिठलं ढवळता ढवळता?

पुरावा एकट्या पाडळवाडीकडं.
आणि पाडळवाडीचाही अर्ज होता.

गेलो फटफटीवर.
आक्काताई खोत, सरपंच, आपलाच अकरावा रकाना भरत बसल्या होत्या.
मी काम सांगितलं. त्यांनी आपला कागद पालथा घातला,
लेटरहेड ओढलं.
"किती म्हणालास?"
सहाशे बारा.
"तेरा लिव्ह. एक तिथंच जन्मली न्हवं का."
शिक्क्याची शाई वाळली होती,
बशीतल्या चहाचे दोन थेंब पॅडवर टाकले
आणि दाबून शिक्का मारला.
निघताना म्हणाल्या, "तुमची संडासं किती?"
मी सांगितली नाहीत.

समिती आली, पांढऱ्या गाडीतून तिघं,
गावाची फॅट काढायला.
नळ सोडून बघितले. दवाखान्याचं अंतर विचारलं.
रुग्णवाहिका कुठं वळणार, तिथं एक जण
स्वतःच दोन्ही हात पसरून फिरला.
शिवकन्यानं त्यांना ताक दिलं. प्याले. छान म्हणाले.

निकाल: पाडळवाडी एकाहत्तर, आम्ही अडुसष्ट.
पुरानंतर बांधलेलं नवं सभागृह आहे त्यांच्यात,
पत्र्याचं नव्हे, स्लॅबचं. 
त्याचेच गुण जास्त.
बाळगोंडा म्हणाला, मर्दा, आमच्यातबी पाणी यायला पायजे होतं.
हसला कुणी नाही, आणि मग सगळेच हसले.

गुरुवारी त्यांचा टेम्पो आला. गाद्या कमी पडत होत्या.
बायका घराघरातनं गाद्या आणून
तालमीच्या दारात रचू लागल्या,
प्रत्येकीनं कोपऱ्यावर दोऱ्यानं खूण केलेली.
मी वहीत उतरवत होतो. एकशे ऐंशी. परत येणार.
वस्तादांनी मधेच दोन घमेली माती
गाद्यांच्या मागं फळीला लावली.
ही कशात लिहू, वस्ताद?
ते फळीची कडी लावत होते.
"मॅट किती जाड असती रं?"
तीन बोटं, मी म्हटलं.