किमान रक्कम

आलोइसने पहिलं कार्ड काढलं ते घड्याळासाठी.
मनगटावरच्या नव्हे.
कबुतर खुराड्यात शिरलं की पायातल्या कड्यावरून
सेकंदासकट वेळ टिपतं, त्या यंत्रासाठी.
दुसरं काढलं पहिल्याचं फेडायला.
तिसऱ्याचं मला कळलं
ते बँकेचं पाकीट माझ्या टपालात घुसलं म्हणून.

"बेल्जियमची जोडी आहे, ओतिलिया," तो म्हणाला,
"एरवी तिप्पट पडते."
एरवी.

बावीस वर्षं रिबनिकच्या खाणीत उतरलेल्या माणसाला
आभाळ थोडं महाग पडणारच,
एवढं मला समजत होतं.
आभाळाचं व्याज
दर महिन्याच्या एकोणीस तारखेला येतं
हे त्याला समजत नव्हतं.
हौसेला मोल नसतं असं म्हणतात
ते बहुधा रोखीने हौस करणारे.

मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते.
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
घरी येऊन वहीत
मका, वाटाणा, सूर्यफूल,
लस, टोपलीचं भाडं,
शनिवारी पाखरं माग्डेबुर्गला नेणाऱ्या ट्रकचं भाडं,
आणि तळाशी, बँकेने जाड अक्षरांत छापलेली
किमान रक्कम.
किती मायाळू शब्द आहे, किमान.
पाठीवर हात ठेवून कुणी म्हणावं,
एवढं दे गं, बाकीचं बघू.
बाकीचं बघायला कुणी येत नाही.
बाकीचं कपाटामागच्या ओलीसारखं
आवाज न करता वर चढतं.

पण खरं सांगायचं तर
रविवारी दुपारी मीही अंगणात असते.
हातात बटाटा, सुरी, अर्धं साल लोंबतंय,
आणि कोळशाच्या राखेच्या टेकडीवर
एक ठिपका.
पाचशे किलोमीटरवरून कुणीतरी
नेमकं आपल्याच पत्र्यावर उतरायचं ठरवतं
तेव्हा वहीतला एकही आकडा मला आठवत नाही.
चौथं कार्ड माझं आहे.
खुराड्यातला हीटर त्यावर घेतला.
आलोइसला वाटतं, मला बोनस मिळाला होता.

एप्रिलमध्ये आम्ही चोवीसशे सतरा विकली.
करड्या रंगाची मादी,
उलट्या वाऱ्यात शेपटीचं पीस गमावूनही
सगळ्यांआधी पोचलेली.
निसाच्या वोखनिकने चार हजार झ्लॉटी मोजले,
तिच्या वंशासाठी.
मी त्याच दुपारी दुसरं कार्ड पुरतं फेडलं
आणि दुकानातल्या कात्रीने कापलं.
आलोइस म्हणाला, छान झालं.
त्या रात्री त्याने दोनदा खुराड्याचं दार तपासलं.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी,
शर्यत नाही, ट्रक नाही, काही नाही,
घड्याळ वाजलं.
सहा वाजून एकेचाळीस मिनिटं आठ सेकंद.
चोवीसशे सतरा.
फळीवर बसली होती, धापा टाकत,
दुसऱ्या पायात वोखनिकचं लाल कडं.

आलोइसने पाणी ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.
मी वही उघडली.
जमा, खर्च, देणं.
विकून झालेलं परत आलं तर
कुठल्या रकान्यात लिहायचं
हे कुणी आखलेलं नव्हतं.
आणि तिचे पैसे तर बँकेत जाऊन
मुरले होते.

फोन त्यानेच केला.
"आली आहे. हो. नाही, बरी आहे."
मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत,
"आणून देतो."

पंपावर त्याने खिशात हात घातला,
तिसरं कार्ड अर्धं बाहेर काढलं, थांबला.
मी माझं दिलं.
त्याने त्यावरचं नाव वाचलं,
हीटरबद्दल काही विचारलं नाही,
टाकी मात्र अर्धीच भरली.

नव्वद किलोमीटर टोपली माझ्या मांडीवर होती.
तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही.
रस्ता तिला पाठ होता,
वरून.