पिरेअसच्या काट्यावर

लसणामुळे झालं, म्हणतात लोक.
मेगाराच्या मालाला बंदरात बंदी आली
आणि तिथून पेटलं सगळं.

मी होतो तिथे. जकातीच्या काट्यावर, चौदा वर्षं.
त्या सकाळी मिर्तोच्या तिन्ही गोण्या
न तोलताच तागडीतून उतरवल्या मी.
ती भांडली नाही. फक्त एक गड्डा
माझ्या ओट्यावर ठेवून गेली, हिशेबाबाहेरचा.

लसणाचं वजन मला ठाऊक आहे.
तेवढ्याने जग कलत नाही.

त्याआधी काय काय गेलं या काट्यावरून!
बेटाबेटांवरून येणारी चांदी,
जिला आम्ही वर्गणी म्हणायचो.
थासॉसचा एक कोवळा खलाशी ती मोजून देताना
माझ्याकडे बघायचा नाही, चांदीकडेही नाही.
मग मॅसेडोनियाचं लाकूड, जहाजांसाठी.
मग आणखी लाकूड.
आणि तिकडे भिंत, शहरापासून थेट समुद्रापर्यंत.
भिंत काय कुणाला चावते, आम्ही हसायचो.
खरंच आहे.
पण जी पाडता येणार नाही तिच्याकडे बघत
शेजारी झोपत कसा असेल,
हे तोलायला वजनंच नव्हती आमच्याकडे.

स्पार्टाचा तेलेस्तास आला होता एकदा,
दूतांच्या मागे मुकाट चालणारा.
हात पाठीशी बांधून जहाजं मोजत होता बोटांवर.
मी मागेच उभा. बोटं संपायची,
पुन्हा अंगठ्यापासून सुरू व्हायची.
त्याच्या देशात म्हणे मालक थोडे, राबणारे गुलाम सातपट,
आणि त्या मोठ्या भूकंपापासून
कडी लावल्याशिवाय कुणी झोपत नाही.
भीती त्याच्या घरचीच होती.
आम्ही तिला फक्त बंदर दाखवलं.

आणि आम्ही?
वाढणाऱ्याला थांबायची भीती असते.
आज लसूण आत घेतला तर उद्या बेट मागतील,
परवा चांदी, असं म्हणत
चढत गेलो एकेक पायरी,
खाली बघायचं नाही म्हणून.

बाप सांगून गेला होता, मापात पाप नको.
नव्हतंच.
गोणी न् गोणी चोख होती माझी.
एकूण बेरीज करणं
माझ्या कामात येत नव्हतं.

सभेत विचारलं, बंदी उठवायची की लढायचं?
मी हात वर केला. लढायचं.
आदल्या रात्री भाकरीबरोबर
मिर्तोचा तो गड्डा सोलून खाल्ला होता.
बोटांना वास होता अजून.