अर्धं पाऊल

माझं काम नोंदी ठेवायचं.
कोटाचं कितवं बटण उघडं, दुधाचा ग्लास कुठवर भरलेला,
पोरीची वेणी कुठल्या खांद्यावर.
दोन शॉट्सच्या मधे जग बदलू नये
म्हणून मला पगार मिळतो.

ग्रिम्स्बी. बंदरामागची बंद पडलेली शाळा.
रेडिएटर आम्ही नव्याने रंगवलेत, तापत मात्र नाहीत.
जनीन ऑडलिंग सकाळी सहालाच येते,
जेवणाच्या हॉलमध्ये एकटी उभी राहते
आणि कलादिग्दर्शकाला म्हणते,
फुकट जेवणाची तिकिटं निळी नव्हती रे, पिवळी.
रांगेच्या दुसऱ्या टोकावरून दिसतील अशी पिवळी.
तो म्हणतो, पडद्यावर निळा छान दिसतो.
तेच तर, ती म्हणते.

निर्मात्यांना एखादे शिक्षक हवेत,
धूळ झटकून हिरा ओळखणारे.
लंडनहून रोज फोन येतो.
जनीन हो हो म्हणते आणि फोन उपडा ठेवते.

आज पालकसभा.
आई थेट पाळीवरून आलेली,
दिवसभर हॅडकचे काटे काढून.
नटी गुणी आहे. बाईंनी हात पुढे केला
तशी ती आपला हात कोटाला पुसते, डोळे भरून आणते.
प्रकाशवाल्यांतल्या एकाने नाक ओढलं.
कट.
"पुसून जात असता," जनीन म्हणाली,
"तर घरात लिंबं कशाला आणली असती?
हात खिशात. शेवटपर्यंत.
बाईंचा हात राहू दे तसाच हवेत.
तू हवामानाबद्दल बोल."

सातवा टेक. आठवा.
मी लिहिते: हात खिशात, दोन्ही.
मला वाटलं, जमलं.

ती मॉनिटरपासून उठली,
पोरीसमोर उकिडवी बसली.
"आईकडे बघू नकोस, मार्नी. रडूही नकोस.
वर्गातल्या मुली दारात दिसल्या की
आईपासून जरा सरक."
किती?
"अर्धं पाऊल.
पूर्ण सरकलीस तर आईला कळेल."

मग उठता उठता, कुणाला ते कळलं नाही:
"कळलं होतं तसंही."

कॅमेरा खाली आणला, बुटांवर.
एक नंबर मोठे बूट, पुढे कागदाचा बोळा.
बोळा पडद्यावर दिसणार नाही,
तरी सकाळी तिने स्वतः कोंबला होता.
अकराव्या टेकला बूट सरकला,
लाकडी फरशीवर पुसट ओरखडा उठला.

जनीन कट म्हणायची विसरली.
आईचे संवाद संपले होते,
आता ती मनाचंच बोलत होती,
गुरुवारपर्यंत वारा पडेल म्हणे.
बाईंचा हात थरथरायला लागलेला.
आणि अंधारात, मॉनिटरमागे,
दिग्दर्शिकेने आपला उजवा हात नाकाशी नेला,
खाली केला.
चाळीस वर्षं होऊन गेली असतील.
कॉफीचाच वास असणार त्याला.

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
मी ओरखडा मोजला, चार बोटं,
आणि झाडूवाल्यांना सांगून ठेवलं,
तेवढा उद्यापर्यंत पुसू नका.