चार बोटं

स्टिअरिंगला चार बोटं प्ले आहे.
म्हणजे फिरवलं की गाडी आधी ऐकून घेते,
मग ठरवते.

गड्डीगोदामला शकूर मिस्त्री
उकिडवा बसून चाक हलवतो :
टाय रॉड गेला, बॉक्स गेला,
अन् बॉडी तर, देवाजीभाऊ,
नुसत्या रंगावर उभी आहे.

एकोणीस वर्षं बर्फ वाहिला हिच्यात.
लाद्या, भुसा, पोत्याखालून ठिबकणारं पाणी.
मे महिन्यात इतवारीभर ओली रेघ सोडत जायचो,
कुत्री चाटत यायची मागून.
तेच पाणी पत्रा खाऊन राहिलं होतं,
मी भाडं मोजून राहिलो होतो.

आता क्लचपाशी भोक आहे, बशीएवढं.
त्यातून कामठी रोड पळताना दिसतो.
नात वाकून बघते. म्हणते, आबाजी, टीव्ही.

"भंगारात पस्तीस येतील," शकूर म्हणतो.
मी हो म्हणतो.
चावी खिशातच राहते.

इंदोरा चौक यायच्या जरा आधीच
मी वळायला लागतो,
रिकामी चार बोटं फिरवून घेतो
आणि थांबतो,
ती माझं म्हणणं मनावर घेईपर्यंत.